कॉन्टॅक्ट लेन्स निवडायची कशी?

मालवणजवळच्या एका माध्यमिक शाळेत दहावीच्या वर्गाबरोबर भिंगांचे प्रयोग करायला आम्ही गेलो होतो. बहिर्वक्र भिंगाने खिडकीची प्रतिमा भिंतीवर पाडून झाली, अंतर्वक्र भिंगाने ती का पडत नाही यावर वाद झाला आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चहा आला. तेवढ्यात एका मुलीची आई विज्ञानाच्या बाईंना शोधत आली. मुलगी चांगली पोहणारी, समुद्रातल्या स्पर्धांत उतरणारी. नंबर उणे तीन. आई म्हणाली, "बाई, चेडवाक चष्मो नको झालो हा. लेन्स होयी म्हणता. खयची घेवची?"

दुकानात तिला तीन डबे दाखवले होते. एक रोज फेकून द्यायच्या लेन्सचा, एक महिनाभर वापरायच्या लेन्सचा आणि एक रंगीत लेन्सचा. तिन्हींवर नंबर तोच, उणे तीन. मग फरक कशात? बाईंनी आमच्याकडे पाहिले. त्या दिवशी आम्हाला नेमके उत्तर देता आले नाही. घरी येऊन पुस्तके उघडली, नेत्रतज्ज्ञांना विचारले. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. "कोणती लेन्स चांगली?" हा प्रश्नच अपुरा आहे. लेन्स कोणाच्या डोळ्यावर बसणार, दिवसातले किती तास बसणार आणि तिच्या आसपास कोणते पाणी असणार, हे कळल्याशिवाय त्याला उत्तर नाही. ते कसे, हे आता पायरी पायरीने पाहू.

हवेतून श्वास घेणारे भिंग

दहावीच्या पुस्तकात 'भिंगे व त्यांचे उपयोग' या प्रकरणात आपण डोळ्याची आकृती काढतो. तीत सर्वांत पुढे पारपटल असते. मुलांचे लक्ष आतल्या भिंगाकडे जाते, पण डोळ्याच्या सुमारे ६० डायॉप्टर शक्तीपैकी जवळजवळ ४३ डायॉप्टर शक्ती या पारपटलाची असते. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते.

पारपटल जिवंत पेशींचे आहे, पण त्यात रक्तवाहिन्या नाहीत. असत्या तर त्या प्रकाशाच्या वाटेत आल्या असत्या. मग त्याला ऑक्सिजन कोठून मिळतो? डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ थर सतत असतो. हवेतला ऑक्सिजन त्यात विरघळतो आणि तेथून पारपटलात जातो. झोपेत पापणी मिटलेली असते, तेव्हा पापणीच्या आतल्या बाजूच्या रक्तवाहिन्यांतून थोडा ऑक्सिजन मिळतो, पण तो उघड्या डोळ्याला मिळतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच. कॉन्टॅक्ट लेन्स म्हणजे या हवा आणि पारपटल यांच्यामध्ये ठेवलेले झाकण. लेन्सचा सगळा इतिहास हे झाकण कमी त्रासदायक कसे करावे याचाच आहे.

काचेपासून सिलिकॉनपर्यंत

१८८० च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅडॉल्फ फिक या जर्मन डॉक्टरने डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी काचेची लेन्स बनवली. ती काही तासांपलीकडे घालवत नसे. १९४८ साली अमेरिकेत केविन टूही यांनी फक्त पारपटलावर बसणारी छोटी प्लॅस्टिकची लेन्स आणली. त्या प्लॅस्टिकमधून ऑक्सिजन आरपार जात नव्हता. पण लेन्स लहान होती. पापणी लवली की ती किंचित सरके आणि तिच्याखालचे अश्रू बदलत.

नंतरची मोठी उडी चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तरले यांची. पाणी धरून ठेवणारे एक मऊ, पारदर्शक बहुवारिक त्यांच्या गटाने तयार केले होते. त्याची लेन्स मात्र नीट जमत नव्हती. १९६१ च्या नाताळात त्यांनी घरीच, मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून एक यंत्र जुळवले. फिरत्या साच्यात द्रव टाकला की त्याला आपोआप लेन्सचा आकार येई. ही मऊ लेन्स १९७१ पासून अमेरिकेत विकली जाऊ लागली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ऑक्सिजन आरपार जाऊ देणाऱ्या कडक लेन्स आल्या आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस सिलिकॉन मिसळलेल्या मऊ लेन्स.

हा फरक फळ्यावर साध्या भागाकाराने दाखवता येतो. लेन्सच्या माहितीपत्रकात 'डीके' असा एक आकडा असतो. त्या पदार्थातून ऑक्सिजन किती सहज जातो, हे तो सांगतो. त्याला जाडीने भागले की त्या लेन्समधून प्रत्यक्षात किती ऑक्सिजन जाईल ते कळते. ठरलेल्या एककांत जुन्या मऊ पदार्थाचा डीके सुमारे ९ असतो. लेन्स ०.१ मिलिमीटर जाड असेल तर उत्तर येते ९. सिलिकॉन असलेल्या पदार्थाचा डीके १०० आणि जाडी ०.०८ मिलिमीटर धरली तर उत्तर येते १२५. होल्डन आणि मर्ट्झ या संशोधकांनी १९८४ साली दाखवले, की पारपटलाला सूज येऊ नये यासाठी दिवसा वापरायच्या लेन्सला हा आकडा किमान २४ हवा आणि झोपेतही ठेवायच्या लेन्सला ८७. उणे नंबरची लेन्स मध्ये पातळ आणि कडेला जाड असते, म्हणून मोठ्या नंबरच्या लेन्समध्ये पदार्थाची निवड अधिक महत्त्वाची ठरते.

ऑक्सिजन भरपूर, तरीही धोका

येथे वाटेल की प्रश्न सुटला. सर्वांत जास्त ऑक्सिजन देणारी लेन्स घ्यावी आणि रात्रंदिवस घालावी. पण ऑस्ट्रेलियात झालेली आणि २००८ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी वेगळेच सांगते. लेन्स वापरणाऱ्या दर १०,००० लोकांमागे वर्षाला किती जणांच्या पारपटलाला जंतुसंसर्ग झाला, ते तिने मोजले. कडक लेन्स वापरणाऱ्यांत १.२. मऊ लेन्स फक्त दिवसा वापरणाऱ्यांत १.९. रोज फेकायच्या लेन्स वापरणाऱ्यांत २. साध्या मऊ लेन्स घालून झोपणाऱ्यांत १९.५. सिलिकॉनच्या लेन्स घालून झोपणाऱ्यांत २५.४.

हे आकडे वर्गात स्तंभालेखाने काढण्याजोगे आहेत. झोपेत लेन्स ठेवली की धोका सुमारे दहा पटींनी वाढतो आणि जास्त ऑक्सिजन देणाऱ्या लेन्सनेही तो कमी होत नाही. कारण सूज आणि संसर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संसर्ग जंतूंमुळे होतो. ते बोटांवरून, लेन्सच्या डबीतून आणि पाण्यातून येतात. उघड्या डोळ्यात पापणी लवत असते, अश्रू पृष्ठभाग धुऊन काढत असतात. मिटलेल्या पापणीखाली, लेन्सच्या आड, हे धुणे थांबते.

संसर्गाने पारपटलावर व्रण होतो. तो बरा झाला तरी पांढरा वण उरू शकतो. आपल्याकडे याला डोळ्यात फूल पडणे म्हणतात. ते बाहुलीसमोर पडले तर चष्म्याने दृष्टी परत येत नाही, कधी कधी दान मिळालेल्या पारपटलाचे रोपण करावे लागते. धोका दहा हजारांत दोनचा असला तरी काळजी घ्यायची ती यासाठी.

सब्जाचा प्रयोग

मऊ लेन्स म्हणजे काय, हे समजायला सब्जाचे बी पुरते. चमचाभर सब्जा पेलाभर पाण्यात भिजवा. पंधरा-वीस मिनिटांत प्रत्येक काळ्या दाण्याभोवती पारदर्शक, बुळबुळीत आवरण येते. पाणी धरून ठेवणारा हा जेल आहे. मऊ लेन्सचा पदार्थ वेगळा, पण स्वभाव असाच.

आता तीन गोष्टी करून पाहा. काही दाणे कागदावर पसरून पंख्याखाली ठेवा. काही तासांत आवरण आकसते आणि दाणे कागदाला चिकटतात. काही दाणे शाईच्या पाण्यात तासभर ठेवून मग स्वच्छ पाण्याने धुवा. आवरणात शाईचा रंग उतरलेला दिसतो. काही दाणे बोटांनी चोळा आणि बोटांवर काय राहते ते पाहा. मऊ लेन्सही सुकली की आकसते आणि कडक होते. पाण्यात विरघळलेले पदार्थ ती आत घेते. तिचा ओला, बुळबुळीत पृष्ठभाग जंतूंना चिकटायला सोयीचा असतो.

आता पाण्याचा विचार. सिंधुदुर्ग किल्ला चहूबाजूंनी समुद्रात आहे, तरी त्याच्या आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. सहलीला गेलेली मुले त्यांचे नवल करतात. अश्रूंचा खारेपणा या दोहोंच्या मध्ये असतो. समुद्राच्या पाण्यात क्षार सुमारे ३.५ टक्के. अश्रूंचा खारेपणा मिठाच्या ०.९ टक्के द्रावणाइतका. विहिरीच्या गोड्या पाण्यात क्षार नगण्य. मऊ लेन्स अश्रूंच्या खारेपणाशी जुळवून बनवलेली असते. गोडे पाणी लागले की ती डोळ्याला घट्ट धरून बसते, ओढून काढली तर पारपटलाचा वरचा थर सोलवटतो. खाऱ्या पाण्यात ती सैल होऊन वाहून जाऊ शकते.

याहून मोठी अडचण डोळ्यांना न दिसणारी आहे. माती, विहीर, तळे, नळ आणि समुद्र या सर्व ठिकाणी अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव सापडतो. परिस्थिती बिघडली की तो स्वतःभोवती कठीण कवच करून बसतो, म्हणून औषधांना सहज दाद देत नाही. त्याचा संसर्ग विरळा, पण झाला तर उपचार महिनोन् महिने चालतात. १९८० च्या दशकात अमेरिकेत असे रुग्ण एकदम वाढले. त्यांतील अनेकजण मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून लेन्ससाठी घरीच द्रावण करत होते. तेव्हा विहिरीचे गोडे पाणी तहानेला कितीही चांगले असो, लेन्सला आणि तिच्या डबीला ते लागता कामा नये. उकळून गार केलेले पाणीही नको.

चार माणसे, चार उत्तरे

आपल्या किनाऱ्यावरची चार माणसे डोळ्यांसमोर आणू.

पहिली, ती पोहणारी मुलगी. पोहताना कोणतीच लेन्स नको, हे तिचे पहिले उत्तर. तिला पाण्याखालचे स्पष्ट दिसावे असे वाटत असेल, तर येथे भौतिकशास्त्र उपयोगी पडते. पारपटलाची शक्ती त्याच्यापुढे हवा असते म्हणून. पाण्याचा अपवर्तनांक पारपटलाच्या अपवर्तनांकाच्या अगदी जवळ असल्याने डोळा पाण्यात उघडला की ही शक्ती जवळजवळ नाहीशी होते आणि लेन्स लावूनही ती परत येत नाही. डोळ्यापुढे हवेचा कप्पा हवा. म्हणजे पोहण्याचा गॉगल किंवा पाणबुड्याचा मुखवटा. हे दोन्ही नंबरच्या भिंगांसहित मिळतात. तारकर्लीला समुद्राखाली उतरणाऱ्यांनाही हेच लागू. जुन्या कडक लेन्स घालून खोल गेलेल्यांच्या डोळ्यांत, वर येताना दाब कमी झाल्यावर, लेन्सखाली वायूचे बुडबुडे अडकल्याची नोंद आहे. शाळेसाठी तिचा चष्मा ठीक. कधीमधी समारंभाला लेन्स हवी असेल तर रोज फेकायची.

दुसरा, दशावतारी कलाकार. नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. चष्मा लावून देव किंवा राक्षस होता येत नाही. लेन्स रोज नको, पण प्रयोगाच्या रात्री हवी. महिनाभराची लेन्स अशा माणसाला गैरसोयीची, कारण तिचा महिना डबा उघडल्या दिवसापासून मोजतात, वापरलेल्या रात्रींवरून नव्हे. त्याला रोज फेकायची लेन्स योग्य. रंगभूषेआधी हात धुऊन लेन्स घालायची, प्रयोग संपल्यावर आधी लेन्स काढायची आणि मग रंग उतरवायचा. परतीच्या गाडीत लेन्स घालून झोपायचे नाही.

तिसरी, काजूच्या कारखान्यात काम करणारी बाई. काजूच्या टरफलातले तेल कातडी भाजते. ते बोटाला लागलेले असताना लेन्स हाताळली तर काय होईल, हे सांगायला नको. भाजणीचा धूरही डोळ्यांना झोंबतो. कामाच्या वेळी तिला चष्माच बरा, लेन्स हवीच असेल तर कामाबाहेरच्या वेळेसाठी.

चौथा मुलगा मात्र वेगळा आहे. त्याला लेन्स शोभेसाठी नको, दिसण्यासाठी हवी. काही मुलांचे पारपटल किशोरवयात पातळ होत जाते आणि शंकूसारखे पुढे येते. याला केरॅटोकोनस म्हणतात. डोळ्यांना खाज येऊन ती सतत चोळणाऱ्या मुलांत याचा धोका अधिक असतो. नंबर वरचेवर बदलतो, सिलिंड्रिकल नंबर वाढत जातो आणि नवा चष्मा लावूनही फळा स्पष्ट दिसत नाही. वर्गात शिक्षकालाच हे आधी कळण्याची शक्यता असते.

अशा मुलाला ऑक्सिजन जाऊ देणारी कडक लेन्स उपयोगी पडते. ती कशी, हे दाखवायला एक घासलेली, धुरकट काच घ्या. तिच्यातून अक्षरे दिसत नाहीत. तिच्या खरखरीत बाजूवर पाण्याचा थेंब टाका आणि त्यावर स्वच्छ काचपट्टी ठेवा. अक्षरे दिसू लागतात. खाचाखोचा पाण्याने भरतात आणि प्रकाशाला पुढे गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. वेड्यावाकड्या पारपटलावर अश्रू आणि कडक लेन्स हेच काम करतात. मऊ लेन्स त्या वाकडेपणावरच वाकून बसते, म्हणून येथे ती फारशी कामाची नाही. लेन्समुळे आजार थांबत मात्र नाही. तो वाढत असेल तर ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालून अतिनील किरण सोडण्याचा उपचार करतात. म्हणून असे मूल दुकानात न पाठवता आधी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.

नंबर तोच, लेन्स तीच नव्हे

चष्म्याचा नंबर हाच लेन्सचा नंबर, असाही एक समज आहे. चष्मा डोळ्यापासून सुमारे १२ मिलिमीटर दूर असतो आणि लेन्स डोळ्यावरच. उणे तीनला या फरकाने विशेष काही होत नाही. पण चष्मा उणे सहाचा असेल तर लेन्स सुमारे उणे ५.६ ची लागते आणि चष्मा उणे दहाचा असेल तर सुमारे उणे ८.९ ची. दहावीच्या हुशार मुलांना हे गणित सोडवायला द्यावे.

शिवाय प्रत्येकाच्या पारपटलाची वक्रता वेगळी असते. लेन्स सैल झाली तर सरकते आणि टोचते, घट्ट झाली तर अश्रूंची ये-जा थांबते. म्हणून वक्रता मोजणे, अश्रूंचा थर आणि पापण्या सूक्ष्मदर्शक यंत्राने तपासणे आणि लेन्स घालून काही वेळाने पुन्हा पाहणे, एवढे झाल्याशिवाय लेन्स घेऊ नये. रंगीत, बिननंबरी लेन्सलाही हेच लागू आहे. मैत्रिणीची लेन्स स्नेहसंमेलनापुरती घालून पाहणे तर मुळीच नको.

लेन्स घेतलीच तर नियम थोडे, पण रोजचे. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. खोबरेल तेलाचे किंवा मिरचीचे बोट डोळ्यात जाऊ नये. परत वापरायची लेन्स दर वेळी ताज्या द्रावणात चोळून धुवावी, डबीतले जुने द्रावण ओतून द्यावे, त्यातच भर घालू नये. डबी उघडी वाळवावी आणि फार तर तीन महिन्यांनी बदलावी. झोपण्यापूर्वी आणि आंघोळीपूर्वी लेन्स काढावी.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागले, तर लेन्स लगेच काढावी आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. लेन्स आणि डबी फेकू नये, बरोबर न्यावी, तपासणीला उपयोगी पडते. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नयेत. त्यांत स्टेरॉइड असेल तर लाली कमी होते आणि आत संसर्ग, विशेषतः बुरशीचा, पसरत राहतो.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा त्या शाळेत गेलो. बाईंनी मुलीला आणि आईला बोलावले होते. आम्ही त्यांना एकही डबा सुचवला नाही, तीन प्रश्न विचारले. लेन्स केव्हा घालणार? हात कोठे धुणार? काढून झोपायची आठवण कोण करणार? मुलीने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पटकन दिली. तिसऱ्याला ती थांबली. मग म्हणाली, "सध्या नंबरचा गॉगलच घेते. लेन्सचं बारावीनंतर बघू." निर्णय तिचा होता आणि कारण तिला माहीत होते. आपल्या वर्गातल्या मुलांनी लेन्स घेतली काय किंवा नाही घेतली काय, ती अशी कारण समजून घेतलेली असावी.